कोरलचे मुनवे: खान्देशातल्या घरी मऊ कोरल आणि अ‍ॅनिमोनी वाढवताना

एकाचे चार करण्यासाठी मऊ कोरल, म्हणजे प्रवाळ, कापायला पाच मिनिटं लागतात. ते कापण्याजोगं व्हायला मात्र टाकी वर्षभर तरी एका चालीने चालावी लागते. आपल्या भागात ती तशी चालेल की नाही, हे दोन गोष्टींवर ठरतं: पाणी कसं आहे आणि उन्हाळा कसा काढलात. म्हणून कापायची पद्धत विचारायला येणाऱ्याला मी आधी बोअर, आरओ आणि पंख्याबद्दल सांगतो. ब्लेडची पाळी नंतर येते.

मी भुसावळला राहतो. वॉटर प्युरिफायर बसवणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा. यावल, रावेर, वरणगाव, इकडे जळगावपर्यंत लोकांच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून मेम्ब्रेन बदलत असतो. घरी बैठकीत चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, साधारण २५० लिटरची, आणि तिच्या शेजारी तुकडे वाढवायची दोन फुटी टाकी. अमळनेर-चोपड्याकडचे पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला: ‘हाई काय शे भाऊ? झाड शे का जनावर?’ जनावर आहे. मधे तोंड, भोवती शुंडके, खाली पाय किंवा बुंधा. पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते प्रकाशावर अन्न तयार करून त्याला देतं. म्हणून याला दिवाही लागतो आणि घासही लागतो.

माझ्या काकांची यावलला केळी आहे. त्यांना तुकडे करून कोरल वाढतं हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘मंग हे मुनव्यासारखंच झालं.’ अगदी तसंच आहे. केळी बियांवर वाढवत नाहीत. बुडाशी फुटलेला मुनवा काढून दुसरीकडे लावला की तीच केळ तिथे उभी राहते. कोरलचा तुकडाही तोच जीव असतो. तोच रंग, तीच ताकद, आणि मूळ टाकीत रोग असेल तर तोच रोग. काका मुनवे घेण्याआधी समोरच्याची बाग फिरून बघतात. तुम्हीही तुकडा घेण्याआधी देणाऱ्याची टाकी बघा.

आता कायदा, कारण त्याशिवाय पुढे जाऊच नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळी दगडी प्रवाळं आहेत, म्हणजे ज्यांच्या अंगाखाली चुन्याचा सांगाडा तयार होतो आणि ज्यांच्यामुळे समुद्रात प्रवाळभित्ती उभ्या राहतात ती. काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे हेही त्याच अनुसूचीत. वाघ ज्या यादीत आहे तीच ही यादी. परदेशी दगडी प्रवाळं ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात, आणि कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्या यादीतले जिवंत परदेशी प्राणी बाळगायचे तर नोंदणी लागते. मी दगडी कोरल ठेवत नाही आणि कुणाला ठेवायला सांगतही नाही. या लेखात आहेत ती मशरूम, झोअँथिड, लेदर आणि झेनिया ही दगडी सांगाडा नसलेली मऊ कोरल, आणि त्यांचीच नातलग असलेली बबल टिप अ‍ॅनिमोनी. तीही दुसऱ्या कुणाच्या टाकीत वाढलेली घ्यावीत, पावती घ्यावी, आणि शंका असली तर वनखात्यात विचारून मगच घरी आणावीत. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा दगडही बऱ्याचदा मेलेलं प्रवाळच असतो. त्याच्याऐवजी सच्छिद्र सिरॅमिकचे दगड वापरा, ते उत्तम चालतात.

आपल्याकडची मंडळी द्वारकेला जाता-येता जामनगरजवळ नराराला थांबतात आणि ओहोटीत पायी चालत जिवंत प्रवाळ बघतात. ते कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८२ पासूनचं. जरूर बघा. तिथून खिशात काहीही आणू नका. घरात एक मशरूम कापून त्याची चार करता आली, तर समुद्रातून चार कमी निघतात. माझ्या दृष्टीने या छंदाला अर्थ येतो तो इथेच.

पाण्याकडे येऊ. आपल्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी जड असतं. मीटर बुडवला की कुठे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ४०० दिसतो, कुठे हजाराच्या वर. शेतीच्या पट्ट्यात विहिरीच्या पाण्यात खतातला नायट्रेटही उतरलेला असतो. या पाण्यात समुद्राचं मीठ कालवलं तर मिठाच्या पिशवीवर लिहिलेलं कुठलंच प्रमाण जुळत नाही. आरओ हवाच, आणि त्याच्या पुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी हवी. मीटरवर शून्य दिसलं पाहिजे.

घरात आरओ आहे, त्याचंच पाणी घेऊ, असं बरेच जण म्हणतात. घेता येतं, पण नळाचं नाही. पिण्याच्या मशिनमध्ये मेम्ब्रेननंतर चव येण्यासाठी मिनरल कार्ट्रिज असतं, आणि पुष्कळ मशिनमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा स्क्रू असतो, तो थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. पिण्यासाठी ठीक, टाकीसाठी नाही. मेम्ब्रेनच्या शुद्ध पाण्याच्या तोंडाशीच टी जोडून वेगळी नळी काढा, कंट्रोलर त्या जोडाच्या आधी मिसळत असेल तर बंद करा, आणि ही नळी रेझिनमध्ये घाला. मेकॅनिकला सांगितलंत तर त्याचं काम अर्ध्या तासाचं आहे. आणखी एक गोष्ट, जी मला धंद्यामुळे कळते: पाणी गरम झालं की मेम्ब्रेन जास्त क्षार सोडतं. जानेवारीत चांगलं चालणारं मशिन मे महिन्यात, गच्चीवरच्या तापलेल्या टाकीतलं पाणी आलं की, वाढीव आकडा दाखवतं आणि रेझिन लवकर संपतं. उन्हाळ्यात दर आठवड्याला मीटर लावा. शून्याचा एक-दोन झाला की रेझिन बदला, पाच व्हायची वाट बघू नका. आणि पाण्याच्या वाटेत पितळेचा किंवा तांब्याचा एकही जोड नको. तांबं या जिवांना मारतं, अगदी थोडं असलं तरी.

मीठ अ‍ॅक्वेरियमचंच घ्या; स्वयंपाकाचं मीठ किंवा आगरातलं खडेमीठ चालत नाही. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम. खाण्याच्या दर्जाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात आधी पाणी, मग मीठ, छोटा पंप लावून रात्रभर फिरू द्या. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) द्रावणाने जुळवून घ्या, नुसत्या पाण्यावर जुळवलेला काटा खाऱ्या पाण्यात चुकू शकतो. घनता १.०२५ ते १.०२६ ठेवा. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल रिचवायची ताकद, ८ ते ९ डीकेएच (हे तिचं माप), कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५० ते १३५०. नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असलं तर मऊ कोरल खूश असतं. नायट्रेट शून्यावर आणायच्या मागे लागू नका. मला लोकांकडे फिकट, आक्रसलेली मशरूम दिसतात ती अतिस्वच्छ टाक्यांमध्ये जास्त दिसतात. आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. आकडा कुठला आहे यापेक्षा तो महिनाभर जागचा हलला नाही, हे जास्त मोलाचं.

उन्हाळा. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि रात्री भिंती उष्णता सोडत राहतात. टाकीला हवं २५ ते २७ अंश. २९-३० च्या वर पाणी काही दिवस राहिलं की कोरल अंगातलं शैवाल बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि उपाशी मरतं. आपल्याकडे चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, नसला तरी मे महिना निघतो, कारण आपली हवा कोरडी आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा पडेल असे दोन छोटे पंखे लावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश, कोरड्या दिवसात त्याहून जास्त, खाली येतं. खोलीत कूलर चालत असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवा. कोंडलेल्या खोलीत कूलरची ओल साचते आणि टाकीवरच्या पंख्याचं काम थांबतं. टाकीचं काचेचं झाकण काढून जाळी घाला. दिवे दुपारऐवजी संध्याकाळी सात ते पहाटे तीन असे ठेवा, कोरलला घड्याळ कळत नाही, फक्त रोज तीच वेळ हवी. खरी कसोटी जूनअखेर ते सप्टेंबरची. उकाडा दमट झाला की पंखा फारसं थंड करत नाही आणि पाणी २८-२९ वर जाऊन बसतं. चिलर घेण्याइतके पैसे असतील तर त्याचा उपयोग तेव्हा जास्त आहे.

पंख्यामुळे मे महिन्यात माझ्या टाकीतून रोज बादलीभर पाणी उडतं. उडतं ते पाणीच, मीठ खाली राहतं. म्हणून भर घालायची ती डीआयच्या गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. प्युरिफायरच्या टाकीत असतो तसा फ्लोट व्हॉल्व्ह शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, तो लावला की पातळी आपोआप राखली जाते. तो मुख्य लाइनला थेट जोडू नका. वर २० लिटरचा कॅन ठेवा आणि त्याला जोडा. व्हॉल्व्ह अडकला तरी जास्तीत जास्त कॅन रिकामा होईल.

वीज जाते तेव्हा आधी पाणी फिरवणारा वेव्ह पंप इन्व्हर्टरवर हवा, दिवा शेवटी. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी थांबलं की काही तासांत मासे तोंड वर काढतात. बॅटरीवरचा एअर पंप घरात असूच द्या. हिवाळ्याला विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या आसपास येतो, कधी त्याखालीही जातो. एका मोठ्या हीटरऐवजी दोन छोटे लावा, एक अडकला तर दुसरा सांभाळतो आणि पाणी उकळतही नाही.

या सगळ्यातून निघणारा माझा नियम: एप्रिल मध्यापासून पाऊस स्थिर होईपर्यंत ब्लेड हातात घ्यायचं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कापणीचा हंगाम.

सुरुवात मशरूमपासून करा. डिस्कोसोमा किंवा रोडॅक्टिस. ही दगडी प्रवाळांची नातलग, पण सांगाडा नसलेली. मध्यम ते मंद प्रकाश, मंद प्रवाह. दहा रुपयांच्या नाण्याच्या दुप्पट तरी मोठं, पूर्ण फुलणारं, टाकीत सहा महिने तरी रमलेलं मशरूम निवडा. लागणारं सामान: मेडिकलमधून नवीन सर्जिकल ब्लेड, हातमोजे, चष्मा, दोन भांडी टाकीचंच पाणी भरून, पोव्हिडोन आयोडीन, आणि मच्छरदाणीची जाळी.

मशरूम दगडासकट बाहेर काढा. ते आक्रसेल, आक्रसू द्या. बुंध्याच्या बुडाशी ब्लेड आडवं घालून चकती सोडवा आणि बुडाचा थोडा भाग दगडावर राहू द्या, त्या उरलेल्या पायातूनच काही आठवड्यांत नवीन मशरूम फुटतं. सुटलेली चकती भांड्यात उलटी न करता ठेवा आणि बरोबर तोंडातून कापा: दोन भाग, मोठं असेल तर चार. प्रत्येक तुकड्याला तोंडाचा अंश मिळाला की ते लवकर सावरतं. एका झटक्यात कापा, करवतीसारखं मागेपुढे करू नका. तुकडे टाकीच्या पाण्यात आयोडीनचे थेंब टाकून, पाणी फिकट चहाच्या रंगाचं झालं की त्यात पाच मिनिटं ठेवा, मग स्वच्छ पाण्यात खळबळून घ्या.

आता जिथे बहुतेकांचं अडतं ते: चिकटवणं. मशरूमच्या अंगावर चिकट बुळबुळ असते, फेविक्विकसारखा गोंद त्याला धरत नाही. धरला तरी रात्रीत सुटतं आणि पंपात जातं. गोंदाचा नाद सोडा. दह्याच्या प्लॅस्टिकच्या डब्यात बोटभर सिरॅमिकचे बारीक खडे घाला, त्यावर तुकडे ठेवा, तोंडावर मच्छरदाणीची जाळी रबराने बांधा आणि डबा टाकीच्या मंद प्रवाहाच्या कोपऱ्यात ठेवा. एक-दोन आठवड्यांत प्रत्येक तुकडा आपणहून एखादा खडा पकडतो. मग तो खडा उचलून, खड्याच्या कोरड्या बाजूला जेलसारखा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद लावून हवा तिथे चिकटवा. डबा रोज उघडून बघू नका. दिवसाआड जाळीवर साचलेला गाळ पिचकारीने उडवा, एवढंच. कडा गोल होतात, मधे नवीन तोंड दिसतं, महिना-दीड महिन्यात ते कापलेलं होतं हे ओळखूही येत नाही.

झोअँथिडबद्दल लिहिताना मी आवाज चढवणार आहे. दिसायला सर्वांत देखणी, वाढायला सर्वांत सोपी, आणि घरात आणण्याजोग्या जिवांमध्ये विषाच्या बाबतीत सर्वांत धोक्याची. यांच्यातल्या काहींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ साली हवाईतल्या पॅलिथोआतून ते वेगळं करून दाखवलं गेलं. त्याच्यावर उतारा नाही. नायट्राइलचे हातमोजे, डोळे पूर्ण झाकणारा चष्मा आणि मास्क घातल्याशिवाय दगडाला हात लावू नका. हाताला चीर असेल त्या दिवशी काम पुढे ढकला. कापायचं ते भांड्यात पाण्याखाली, म्हणजे तुषार उडत नाहीत. तो दगड कधीही उकळायचा नाही, गरम पाण्याने धुवायचा नाही, ब्रशने घासायचा नाही. वाफेतून आणि तुषारांतून विष श्वासात जातं. लहान मुलं आणि पाळीव जनावरं त्या खोलीत नकोत. स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका. काम झालं की ब्लेड आणि भांडी पातळ केलेल्या ब्लीचमध्ये ठेवा. तोंडात कडवट किंवा धातूची चव आली, अंग दुखून ताप भरला, दम लागला, डोळे लाल झाले तर लगेच दवाखाना, आणि डॉक्टरांना स्वतः ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द सांगा. समुद्रापासून इतक्या लांब त्यांच्यापुढे असा रोगी कधी आलेला नसू शकतो. कापणं सोपं आहे: देठांच्या मधली चटई कापा, देठ नाही, तीन-चार तोंडांचा गुच्छ उचला, खालची बाजू टिपकागदाने कोरडी करा, जेल गोंदाने सिरॅमिकच्या चकतीवर बसवा. घरात लहान मूल असेल तर झोअँथिड ठेवूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

लेदर, म्हणजे सार्कोफायटन आणि सिन्युलॅरिया, कात्रीने कापता येतं. छत्रीची कड कापा, सुपारीपेक्षा मोठे तुकडे करा, टूथपिक आरपार घालून दोन्ही टोकं रबराने चकतीला बांधा. ते दहा-बारा दिवसांत धरतं. कापताना ते पाण्यात असे पदार्थ सोडतं की बाकीचे जीव आक्रसतात, म्हणून वेगळ्या भांड्यात कापा आणि टाकीत असे पदार्थ शोषणारा ताजा कार्बन (अ‍ॅक्टिव्हेटेड कोळसा) घाला. नंतर आठवडाभर त्याच्यावर मेणचट साय येते आणि ते मरगळलेलं दिसतं. कात टाकत असतं. प्रवाह थोडा वाढवा. झेनियाला कापायचीही गरज नाही; शेजारी मोकळा दगड टेकवून ठेवा, ते चालत येतं. ते इतकं पसरतं की मी ते मुख्य टाकीत ठेवत नाही.

आता अ‍ॅनिमोनी. माणसं मासा बघायला येतात आणि हिच्यापाशी थबकतात. घरासाठी एकच जात सांगेन, बबल टिप, शास्त्रीय नाव एन्टाक्मिया क्वाड्रिकलर. टाकी किमान वर्षभर जुनी, दीडशे लिटरच्या वर, आणि प्रत्येक पंपाच्या तोंडावर स्पंज किंवा जाळी. ती चालते, आणि चालत पंपापाशी गेली तर कापली जाऊन एका रात्रीत सगळी टाकी नासवते. घेताना बघा: तोंड मिटलेलं, शुंडके बोटाला चिकटणारे, पाय घट्ट धरलेला. पांढरी पडलेली घेऊ नका. भडक पिवळी किंवा गुलाबी दिसली तर ती रंगवलेली असू शकते. रंगवतात ती बहुधा पांढरी पडलेलीच. शुंडक्यांच्या टोकांचे फुगे नाहीसे होऊन ते लांब झाले तर घाबरू नका, तो आजार नाही.

हिला बसवायला मी कुंभाराकडची बिनरंगाची छोटी कुंडी वापरतो. आधी आठवडाभर डीआयच्या पाण्यात बुडवून ठेवायची, पाणी बदलत राहायचं, मीटर फार चढत नाही हे बघायचं. मग कुंडी आडवी ठेवली की अ‍ॅनिमोनी पाय आत घालते आणि बऱ्याचदा तिथेच राहते. पुढे ती हलवायची तर कुंडीच उचलायची, पाय सोडवायची वेळच येत नाही. दगडावर बसलेली असेल तर ओढू नका, पाय फाटला तर ती बहुतेक वेळा मरत नाही, पण जंतू शिरतात आणि सावरायला फार वेळ लागतो. दगडाच्या मागच्या बाजूला, पायाच्या जवळ, पिशवीत बांधलेला बर्फ टेकवा आणि बोटाच्या पेराने कडेकडेने सोडवा.

बबल टिप स्वतःच दुभंगते. भरपूर प्रकाश, आठवड्यातून एक-दोनदा वाटाण्याएवढा कच्च्या कोळंबीचा तुकडा, स्थिर पाणी, आणि मग कधीतरी मोठ्या पाणीबदलानंतर तोंड लांबट होतं, आठच्या आकड्यासारखं दिसतं, पाय दोन दिशांना ताणला जातो आणि एक-दोन दिवसांत दोन होतात. हीच वाट मी पसंत करतो. वर्षभर धीर धरणाऱ्याला ती मिळते.

कापताही येते, आणि कसं ते सांगतो, कारण अर्धवट माहितीवर कापणारे जास्त आहेत. चकती फुललेली असताना किमान वीतभर, वर्षभर आपल्याच टाकीत राहिलेली, आणि नुकतीच दुभंगलेली नसावी. उथळ ट्रेमध्ये टाकीचं पाणी घ्या. ती आक्रसून गोळा होते, तोंड नीट दिसेपर्यंत थांबा. लांब, नवं, धारदार पातं तोंडाच्या मधोमध ठेवून पायापर्यंत एकाच दाबात खाली. दोन्ही भागांना अर्धं तोंड आणि अर्धा पाय मिळालाच पाहिजे. दोनच भाग, चार नाही. दोन कुंड्या, दोन्हींवर जाळी, चांगला प्रवाह, प्रकाश थोडा कमी. भाग स्वतःभोवती गुंडाळला जातो आणि कापलेल्या कडा एकमेकींना धरतात. आठवड्या-दोन आठवड्यांत तोंड पूर्ण होतं. त्याआधी घास देऊ नका. रोज नाकाने तपासा. कुजका वास आणि विरघळणारं मांस दिसलं तर तो भाग त्याच क्षणी बाहेर काढा आणि पाणी बदला. कार्पेट आणि मॅग्निफिका जातींना घरी पातं लावू नका.

एकाच अ‍ॅनिमोनीपासून झालेल्या दोघी शेजारी शेजारी, शुंडके गुंतवून राहतात. दुसऱ्या कुळातली जवळ ठेवली तर भांडण लागतं. कोरलपासून मात्र सगळ्यांनाच हातभर लांब ठेवा.

या जिवाला नीट पाणी मिळालं तर तो किती जगतो याचं एक उदाहरण मी प्रत्येकाला सांगतो. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून एक साधी लाल अ‍ॅनिमोनी आणून काचेच्या बरणीत ठेवली. लोक तिला ‘ग्रॅनी’ म्हणत. डॅलियल गेले, बरणी एकाकडून दुसऱ्याकडे गेली, आणि ती १८८७ पर्यंत जगली, मधल्या काळात तिने शेकडो पिल्लं दिली. पंप नव्हता, वीज नव्हती. कुणीतरी समुद्राचं पाणी नियमाने बदलत राहिलं.

जिला वाढू द्यायची नाही अशीही एक अ‍ॅनिमोनी आहे, आयप्टेशिया. तपकिरी, लांब देठाची, दगडाच्या भेगेत बसणारी. ती ओरबाडली किंवा कापली तर उरलेल्या प्रत्येक तुकड्यापासून नवी होते. पंप बंद करा, कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सुई नसलेल्या पिचकारीने थेट तोंडात भरा, अर्ध्या तासाने पंप सुरू करा. हा चुनाच, पण पानाच्या डबीतला घेऊ नका, त्यात आणखी काय आहे ते कळत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. एका वेळी तीन-चारच मारा, नाहीतर पाण्याचा पीएच चढतो. नवीन दगड किंवा तुकडा आला की भिंगाने ही शोधा, मगच टाकीत घाला.

बदललेलं खारं पाणी संडासात ओता. बागेत नको, आणि केळीच्या बुडाशी तर मुळीच नको, केळीला क्षार सोसत नाहीत. तापीत किंवा नाल्यात कुठलाही जीव सोडू नका, मेलेलाही.

तुकडा दुसऱ्याला देण्याआधी किमान सहा आठवडे त्याच्याच चकतीवर, पूर्ण फुलत असलेला दिसला पाहिजे. अ‍ॅनिमोनी तर तीन महिने, कोळंबी खात असलेली. पाठवायच्या आदल्या दिवशी घास बंद. दुहेरी पिशवी, तिसरा भाग पाणी आणि बाकी हवा, भोवती वर्तमानपत्र, मग थर्माकोलचा डबा. उन्हाळ्यात पाठवूच नका. बाकीच्या दिवसांत नाशिक किंवा सुरतेला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती, रात्रीच्या गाडीने. पिशवीवर चिकटपट्टी लावून तुमच्या टाकीची घनता, तापमान आणि अल्कलिनिटी लिहा. घेणाऱ्याने पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्यावी, मग तासभर थोडं थोडं आपलं पाणी मिसळावं, पिशवीतलं पाणी टाकीत न ओतता फक्त जीव आत घ्यावा, आणि पहिला आठवडा तो टाकीच्या तळाशी, दिव्यापासून लांब ठेवावा.